रिकाम्या कापडातलं घर

दुबईला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्या मिरजेच्या अंगणात रद्दीवाल्याचा काटा आणला होता. विमानाच्या बॅगा घरच्या घरी तोलायच्या कशा, हा प्रश्न अण्णांनी असा सोडवला. रद्दीवाला काट्याच्या हुकाला माझी निळी बॅग लटकवायचा, डोळे बारीक करून आकडा बघायचा आणि "ताई, अजून काढायला लागतंय," म्हणायचा. आई भाजणीच्या पिशवीवर हात ठेवून उभी होती. ती सोडून बाकी काहीही काढा, असं तिचं म्हणणं. शेवटी आम्हाला न्यायला आलेला माझा नवरा मिलिंद पुढे झाला. त्याने तिन्ही बॅगा ओसरीवर रिकाम्या केल्या, कुकरमध्ये मसाल्याच्या पुड्या, साड्यांच्या घड्यांत रेवाची चित्रांची पुस्तकं, असं करत सगळं पुन्हा लावलं आणि वजन उतरेना तेव्हा स्वतःचे दोन सूट मुकाट्याने काढून ठेवले. भाजणी आत गेली, पापड गेले, माझे ब्रशसुद्धा गेले. रद्दीवाल्यानेही मान डोलावली.

रिक्षात बसताना अण्णा म्हणाले, "हात चालू ठेव." ते ड्रॉइंग मास्तर, त्यांचा आशीर्वादही तसलाच. आई म्हणाली, "मिलिंद आहे ना, मग मला काळजी नाही." पाच वर्षांची रेवा तिच्या कडेवरून माझ्या मांडीवर आली आणि रिक्षा सुटली.

आई, हे मी मुख्यतः तुझ्यासाठी लिहितेय. आणि त्या वेळी दुबईत अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या, आता कॅनडा, पुणे, ऑस्ट्रेलिया असं जिकडे तिकडे पांगलेल्या माझ्या मैत्रिणींसाठी. तुम्हाला सगळ्यांना मिलिंद फार आवडतो. माझ्या माहेरी तर त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढायची सोय नाही. म्हणूनच इतकी वर्षं मी गप्प बसले, आणि आता तुम्ही सगळे मला विचारताय की नाशिकचा फ्लॅट तयार असताना मी इथे का अडून बसलेय, म्हणून सांगते.

सुरुवातीची दोन-अडीच वर्षं खरंच छान होती. मिलिंद इंटिरियरच्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता. हॉटेलं, ऑफिसं, श्रीमंतांचे व्हिला आतून सजवून द्यायचे, हा त्यांचा धंदा. तेव्हा दुबईत जिकडे बघावं तिकडे क्रेन. मी एका इंडियन शाळेत अर्धा दिवस चित्रकला शिकवायचे. शनिवारी खाली बिल्डिंगच्या लॉबीत आम्ही बायका जमायचो, मुलं इंग्रजीत भांडायची आणि आम्ही मराठीत त्यांना दटावायचो. मिलिंद संध्याकाळी घरी आला की साइटवरच्या गमती सांगायचा. एका प्लायवूडच्या शीटमधून किती कपाटं निघतात, हे तो मला पोळीवर सुरीने रेषा मारून समजावायचा. त्याचा कटिंग प्लॅन म्हणजे कंपनीत नावाजलेली गोष्ट. वेस्टेज शून्य. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि तो मी लपवतही नव्हते.

मग हान सर आले.

मिलिंदच्या कंपनीकडे एका मोठ्या हॉटेलचं काम होतं आणि हॉटेलच्या मालकाला लॉबीसाठी कोरियातल्या या नामांकित चित्रकाराचीच चित्रं हवी होती. हान सर सत्तरीचे, सडपातळ, केस कापसासारखे. चाळीसेक वर्षं त्यांनी फक्त एकच गोष्ट काढली होती: दगड. साधा, वरून सपाट, कडा झिजलेल्या अशा एका दगडाची चित्रं. ती इथेच काढायची, असा करार झाला आणि अल कूझच्या गोदामातली एक लांबलचक खोली त्यांना दिली. मदतनीस म्हणून कंपनीतल्या दोन पोरांना पाठवून पाहिलं, सरांनी दोघांना परत पाठवलं. "तुझी बायको आर्टिस्ट आहे ना?" असं कंपनीच्या मालकाने मिलिंदला विचारलं आणि शाळा सुटल्यावर मी तिकडे जायला लागले.

पहिल्या दिवशी मी दारातून आत गेले तर पूर्ण फरशीवर एक भलंमोठं कोरं कापड पसरलेलं. तागासारखं जाडंभरडं, मातकट रंगाचं. मी कडेला चपला काढल्या. त्यात मी विशेष काही केलं नव्हतं, आमच्या घरी अण्णांच्या कागदांजवळ चपला घालून जायची कोणाची छाती नव्हती. पुढे होताना माझा पाय कापडाच्या कडेला लागला आणि सवयीने मी वाकून कापडाला हात लावून नमस्कार केला. हान सर कोपऱ्यात शाई खलत बसले होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि बसायला स्वतःशेजारची गादी पुढे सरकवली. कंपनीच्या पोरांना त्यांनी का घालवलं होतं, ते मला तेव्हा कळलं. ती बूट घालून कापडावरून चालली होती.

त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं, माझं शाळेतलं. पण चित्राच्या कामात बोलावं किती लागतं? मी शाईत मिसळायची राख चाळायची, शाई पातळ करायची, कापड ताणून धरायचं. ते त्या प्रचंड कापडाच्या अगदी खालच्या टोकाला उकिडवे बसायचे आणि हात-दोन हात लांबीचा दगड काढायचे. एकेक पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचं, परत द्यायचा. महिना महिना एकच दगड. वरचं सगळं कापड कोरं. सही मात्र वर, पार दुसऱ्या टोकाला, मुंगीएवढी.

रेवा एकदा माझ्याबरोबर आली होती. ती सात वर्षांची, तिला कुठे भीड. म्हणाली, "अंकल, यू फरगॉट द हाउस!" कारण तिला शाळेत चित्र म्हणजे घर, झाड, सूर्य.

"नो फरगॉट," हान सर म्हणाले आणि कोऱ्या कापडावरून त्यांनी सावकाश हात फिरवला. "हाउस हिअर."

"बट इट्स एम्प्टी."

"येस. व्हेरी बिग हाउस."

मग त्यांनी आम्हा दोघींना सांगितलं. त्यांच्याकडच्या जुन्या घरांची जमीन उंचावर असते. पुढे लाकडी ओसरी, आणि ओसरीखाली एक सपाट दगड. त्याच्यावर पाय ठेवायचा, पादत्राणं तिथेच काढायची आणि वर चढायचं. त्यांचं गाव उत्तरेत. लढाई सुरू झाली तेव्हा ते शाळकरी पोर होते, काकांनी हाताला धरून त्यांना दक्षिणेला नेलं. आई दगडावर उभी राहून बघत होती. मग मध्ये सीमा आली आणि परतीची वाट बंद झाली ती कायमची. घर कसं होतं, खिडक्या किती होत्या, आता त्यांना आठवत नव्हतं. दगड तेवढा लख्ख आठवत होता. "तुम्ही चित्रात दगडावर चपला का दाखवत नाही?" मी विचारलं. ते म्हणाले, चपला दाखवल्या तर त्याचा अर्थ आत कोणीतरी आहे. "आय डोन्ट नो," असं म्हणून ते पुन्हा खाली वाकले.

त्या संध्याकाळी मी मिलिंदला हे सांगताना रडले. त्याने माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. नंतर म्हणाला, "पण काय गं, नव्वद टक्के कापड तर मोकळंच राहतं." मी हसले. प्लायवूडवाला माणूस, त्याला तेच दिसणार, असं मला वाटलं.

दोन हजार आठ संपता संपता सगळं फिसकटलं. आज आठवून हसू येतं, पण तेव्हा दर आठवड्याला कोणाच्या तरी घरची फेअरवेल असायची. वरच्या मजल्यावरचं कुटुंब सोफा, मायक्रोवेव्ह, मुलाची सायकल वाटून निघून गेलं. पुरुष एकमेकांना "जॉब कसा आहे?" असं विचारायचे बंद झाले. नोकरी गेली की व्हिसा गेला, महिन्याभरात गाशा गुंडाळायचा, आणि मी व रेवा दोघी मिलिंदच्याच व्हिसावर. हॉटेलचं काम थांबलं. हान सरांची चित्रं पूर्ण झाली होती आणि ती लावायला भिंत उरली नव्हती.

ते जायच्या दिवशी मिलिंद आणि मी त्यांना सोडायला गेलो. एअरपोर्टच्या दारात त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "इफ होटेल नो कम, स्टोन कम होम. यू प्रॉमिस?" करार काय होता, कागदावर काय लिहिलं होतं, ते त्यांनी मिलिंदला विचारलं नाही. मला विचारलं. मी म्हणाले, "आय प्रॉमिस." मिलिंदही म्हणाला, "ऑफ कोर्स सर, इन्शाल्ला." त्यांनी कमरेतून वाकून आम्हा दोघांना नमस्कार केला.

दोन महिन्यांनी मिलिंद म्हणाला, चित्रं पाठवली, त्यांना कळव. मी आनंदाने मेल लिहिली. मग म्हणाला, पोर्टला कंजेशन आहे, थोडा उशीर होईल. तेही मी लिहिलं. मग कस्टम्समध्ये एक पेपर कमी पडला, मग ईदची सुट्टी आली, मग शिपिंग कंपनीच बुडाली आणि माल दुसऱ्या गोदामात गेला. सरांना समजेल अशा सोप्या इंग्रजीत मी ते सगळं लिहीत गेले. वर माझ्या पदरचं लिहायचे की काळजी करू नका, मी स्वतः लक्ष ठेवून आहे. दरवेळी त्यांचं उत्तर एकच: तुम्हाला त्रास होतोय त्याबद्दल आभारी आहे, मी वाट बघतो.

दरम्यान आम्ही भाडं परवडेना म्हणून शारजात, अल मजाजला राहायला आलो. मिलिंदची नोकरी टिकली. त्याच्या कंपनीतली अर्धी माणसं गेली, हा राहिला. आई, तू तेव्हा सत्यनारायण घातला होतास.

आणि मग अल ऐन. माझी मैत्रीण मेघना तिथे राहते, तिच्या नव्या व्हिलाची पूजा होती. तिने आमच्यासाठी दोन दिवस एक फर्निश्ड अपार्टमेंट घेऊन ठेवलं होतं. दुपारची वेळ, बाहेर भट्टी पेटलेली. मिलिंद किल्ली घेऊन पुढे गेला, बेडरूमचं दार उघडलं आणि उलट्या पावली बाहेर आला.

"या रूमचा एसी बरोबर नाहीये. आपण दुसरी घेऊ."

रेवा त्याच्या बाजूने आत घुसून पलंगावर पडलीसुद्धा. "बाबा, इट्स फ्रीझिंग इन हिअर!"

मी आत गेले. मिलिंद माझ्याआधी आत येऊन पलंगाच्या उशाशी भिंतीला पाठ लावून उभा राहिला. लहान मुलं फुटलेल्या बरणीसमोर उभी राहतात ना, तसा.

"मिलिंद, बाजूला हो."

"अगं, खरंच दुसरी रूम..."

"बाजूला हो."

भिंतीवर सोनेरी फ्रेम, काच, आणि काचेमागे दगड. चारही बाजूंनी फ्रेमला टेकलेला. वर कोरं कापड नाही, सही नाही, काही नाही. चौकटीत बसवलेला बटाटा दिसेल तसा तो दिसत होता. तरी मी ओळखला. त्याच्या डाव्या कडेला राखेचा एक हात माझ्या चुकीने जाड झाला होता आणि सर म्हणाले होते, राहू दे. मी बाहेर आले. येताना उन्हाने दिपलेल्या डोळ्यांना दिसलं नव्हतं, पण लिफ्टजवळ दुसरा दगड होता, रिसेप्शनला तिसरा.

पूजेला आम्ही गेलो. मी हसून सगळ्यांशी बोलले, शिऱ्याची तारीफ केली. परतीच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना वाळू आणि मागच्या सीटवर हेडफोन लावलेली रेवा, असं असताना मी त्याला विचारलं. त्याने लपवलं नाही. कंपनीच्या मालकाने सांगितलं होतं, गोदाम रिकामं करायचंय, फर्निश्ड अपार्टमेंटचं स्वस्तातलं काम मिळालंय, जे पडलंय ते वापरा. नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी व्हिसाचं कॅन्सलेशन लेटर.

"कापायचं कसं, ते कोणी ठरवलं?"

"मीच."

"तू?"

"दुसऱ्या कोणी केलं असतं तर स्टँडर्ड साइजच्या नादात दगडसुद्धा मधोमध कापले असते गं. मी बसून प्लॅन केला. एकही दगड तुटू दिला नाही. मी ते वाचवले."

हे तो मनापासून म्हणत होता. त्याला खरंच वाटत होतं की त्याने हान सरांवर उपकार केलेत. त्या क्षणी मला त्याची जेवढी किळस आली, तेवढी आयुष्यात दुसऱ्या कोणाची आली नाही. हे असं लिहायला मला लाज वाटत नाही.

"मग मेल कशाला लिहायला लावलंस मला? वर्षभर?"

"त्यांचा विश्वास तुझ्यावर होता ना," तो म्हणाला. "मी लिहिलं असतं तर त्यांनी वकील लावला असता. आपल्या घरासाठी केलं मी. रेवाची शाळा होती, तू होतीस. मी काय करायला हवं होतं, सांग ना."

"मला सांगायला हवं होतंस. आपण बॅगा भरून मिरजेला गेलो असतो. अण्णांच्या ओसरीवर झोपलो असतो."

"बोलायला सोपं आहे."

रेवाने हेडफोन काढले. "आर यू गाइज टॉकिंग अबाउट हान अंकल? इज ही डेड?"

"नाही बाळा," मिलिंद म्हणाला.

घरी पोचल्यावर मी हान सरांना खरं ते सगळं लिहिलं. कोणी कापलं तेही लिहिलं, नवऱ्याचं नाव वगळलं नाही. उत्तर आलं नाही. मग मी त्या अपार्टमेंटवाल्यांच्या मागे लागले. मॅनेजर आधी उडवून लावायचा, पुढे ओळखीचा झाला. फर्निचर बदलायची वेळ आली तेव्हा त्याने स्वतःच फोन केला, "मॅडम, ले जाओ, हमारा तो नया डिझाइन आ रहा है." जेवढे सापडले तेवढे दगड मी फ्रेममधून सोडवले, मलमलीत गुंडाळले आणि सोलला पाठवले. या वेळी मी कुरियरच्या काउंटरवर स्वतः उभी होते.

त्यानंतर एकदाच त्यांची मेल आली. वर नमस्कार नाही, आभार नाहीत. "स्टोन आय कॅन पेंट अगेन. प्लीज सेंड हाउस." खाली पूर्ण नाव, परक्याला लिहितात तसं.

कोरं कापड कुठे गेलं ते मला ठाऊक होतं. मिलिंदनेच सांगितलं होतं, गोदामातल्या पोरांनी त्या कापडाने मशिनी पुसल्या आणि मग ते फेकून दिलं. हे मी सरांना लिहिलं नाही. काहीच लिहिलं नाही. त्यांच्या लेखी मीही त्या कापणाऱ्यांतलीच एक झाले, आणि त्यांना दुसरं काही वाटावं असं माझ्याकडे काही नव्हतं. नऊ-दहा महिने शेजारी गादीवर बसवून घेतलेल्या माणसाच्या मनातून मी अशी उतरले, आणि उतरवलं कोणी, तर ज्याच्या भरवशावर मी घर सोडून आले त्याने.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी शाळेत पूर्णवेळ झाले आणि पहिली संधी मिळताच स्वतःचा व्हिसा करून घेतला. मिलिंदला ते लागलं. "माझ्या व्हिसावर काय काटे होते का?" असं त्याने एकदा विचारलं, मी भाजी चिरत राहिले. रेवा मोठी झाली, अबू धाबीत नोकरी करते, आमच्याशी अजून इंग्रजीतच बोलते. मी चित्रं काढते. दगड नाही काढत, तो माझा नाही.

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा आम्ही बरे राहतो. भांडत नाही. सणाला पुरणपोळी होते, मंडळाच्या कार्यक्रमांना जोडीने जातो, त्याच्या गुडघ्याला मी तेल चोळून देते. तो वाईट माणूस नाही, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. वाईट असता तर सोपं झालं असतं. त्याच्या जागी असताना किती जणांनी तेच केलं असतं, हेही मला कळतं. कळून राग गेला नाही, एवढंच.

आता तो रिटायर होतोय आणि नाशिकच्या फ्लॅटचे नकाशे रोज जेवणाच्या टेबलावर पसरलेले असतात. फार सुरेख बसवलाय त्याने तो फ्लॅट. एक कोपरा वाया घालवलेला नाही. उत्तरेच्या उजेडाची खोली माझ्या चित्रांसाठी ठेवली आहे. "आता घरी जाऊया," असं तो म्हणतो तेव्हा त्याचा चेहरा मिरजेच्या ओसरीवर बॅगा भरत होता तसाच दिसतो.

पण आई, मी नाही जाणार. काल त्याला तसं स्पष्ट सांगितलं. शारजाच्या या फ्लॅटचं भाडं माझ्या पगारातून जातं, माझी अजून काही वर्षं नोकरी आहे, मी इथेच राहीन. त्याने कारण विचारलं आणि मला ते नीट सांगता आलं नाही, म्हणून तुला सांगून बघते. मिरजेत अण्णा आतल्या खोलीतून "दार लावलंय गं" म्हणाले की तू कूस बदलून झोपायचीस. तुला घर होतं. माझ्याकडे रोज जेवणं झाली की मिलिंद ओटा पुसतो, दिवा मालवतो आणि हॉलमधून मला सांगतो की गॅस बंद केलाय. तो खरोखर बंद केलेला असतो, एकदाही चुकत नाही. आणि तरी मी रोज उठून जाते आणि बघून येते.